गुमास्त्यावर नाव आलं म्हणजे नाव आपलं झालं नाही

नाशिकच्या घरगुती उद्योगवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रेडमार्क-कॉपीराइट हे मोठ्या कंपन्यांचे चोचले, गुमास्ता (दुकानाची नोंदणी) आणि जीएसटी निघालं की नाव आपलंच, जीआय (ठराविक भागाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाची नोंद) मिळालेल्या मालाची काळजी सरकार घेतं, लोगोचे पैसे दिले की लोगो आपला, आणि दुसऱ्याच्या डिझाइनमध्ये तीस टक्के बदल केला की कॉपी धरत नाहीत. मला तो सात जणांनी पाठवला. अंबडला माझं लेबल आणि पाऊच छापायचं काम आहे. चिवडा, मसाले, पापड, बेदाणे, सगळ्यांची पाकिटं रोज हाताखालून जातात. गप्प बसवेना.

आधी खर्चाचं. एकटा माणूस, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला, म्हणजे मालाच्या एका गटाला, ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. मसाले ३० व्या वर्गात येतात, बेदाणे २९ व्या. दोन्ही विकत असाल तर फी दोनदा. वकील लावला तर त्याचे वेगळे. नोंदणी १० वर्षं चालते, पुढे वाढवता येते. चार रंगी पाऊचच्या छपाई-सिलिंडरला याहून जास्त पैसे जातात आणि ते लोक घासाघीस करून का होईना, देतात. तिथे कोणाला चोचले आठवत नाहीत.

आता गुमास्ता. ती नोंद दुकान कुठे आहे आणि कोण चालवतं एवढंच सांगते. जीएसटीचा नंबर कर कोण भरणार ते सांगतो. त्या नावाचा ट्रेडमार्क दुसऱ्या कोणाकडे आहे का, हे तिथे कोणी बघत नाही. त्यांचं ते कामच नाही.

पंचवटीतल्या एक ताई गोडा मसाला आणि मेतकूट करतात. आठ वर्षं लेबलं आमच्याकडेच. एका सकाळी त्या नोटीस घेऊन आल्या. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोणी तरी तेच नाव नोंदवलं होतं आणि ताईंनी वापर थांबवावा असं म्हणणं होतं. पिशवीतून लॅमिनेट केलेला गुमास्ता काढून म्हणाल्या, "दादा, हे बघा, नाव माझंच आहे ना?" त्यांच्या वकिलांनी तो कागद बाजूला सारला आणि मला फोन लावून विचारलं, "पहिलं लेबल कधी छापलंत?" माळ्यावरून बिलबुकं खाली काढली. सगळ्यात जुन्या गठ्ठ्यात पहिल्या लेबलचं प्रूफ (छपाईआधी मंजुरीसाठी काढलेला नमुना) सापडलं, कोपऱ्याला हळदीचा पिवळा अंगठा, खाली ताईंची सही आणि तारीख. समोरच्याच्या अर्जाच्या आणि वापराच्या बऱ्याच आधीची.

ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ३४ प्रमाणे, आधीपासून सतत नाव वापरणाऱ्याला नंतर आलेला नोंदणीदार अडवू शकत नाही. म्हणजे नोंदणी नसली तरी माणूस अगदीच वाऱ्यावर नसतो, हे मेसेजवाल्याला मी देऊन टाकतो. पण ताईंना वाचवलं त्या प्रूफाने, गुमास्त्याने नव्हे. शिवाय ऐन दिवाळीच्या तोंडावर तीन महिने ताईंना नवी लेबलं छापायचा धीर झाला नाही. उद्या कोणी त्यांचंच नाव उचललं तर नोंदणीच्या जोरावर दावा लावता येणार नाही. आपल्या नावावर तो त्याचा माल खपवतोय, हे पुराव्यानिशी दाखवत बसावं लागेल.

जीआयचं लवकर आटपतो. पैठणीला आहे, लासलगावच्या कांद्याला आहे, नाशिकच्या द्राक्षांना आहे. पण येवल्याच्या विणकराला तो शिक्का आपल्या साडीवर लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव नोंदवावं लागतं. घरबसल्या काही येत नाही.

लोगोचा मुद्दा मला स्वतःला अडचणीचा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ असं मानतो की बाहेरच्या डिझायनरने काढलेला लोगो त्याचाच, त्याने लेखी आणि सहीनिशी हक्क दिले नाहीत तोवर. आमच्या पगारी आर्टिस्टने काढलेला असेल तर तो आमच्या प्रेसचा. "कोरलची फाइल द्या" (कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर) यावरून होणारी निम्मी भांडणं इथूनच निघतात, आणि त्या भांडणांत कायम आमच्यासारख्यांचं फावतं. कागद कराल तर नीट करा: मुदत लिहिली नाही तर हक्क फक्त ५ वर्षांसाठी मिळाला असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता. दुबईला बेदाणे पाठवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

राहिले तीस टक्के. असा आकडा कुठल्याही कायद्यात नाही. १९६२ साली सुप्रीम कोर्टापुढे 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांचा वाद आला होता. अक्षरं मोजली तर निम्मं नाव वेगळं. कोर्टाने अक्षरं मोजली नाहीत. दोन बाटल्या शेजारी ठेवून न बघणारं, नाव अर्धवट आठवणारं साधं गिऱ्हाईक फसेल का, एवढंच पाहिलं. आणि फसेल म्हणून सांगितलं. तरीही लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण तिथे ती खपतेय हे माहीत असून अमृतधारावाले वर्षानुवर्षं गप्प राहिले होते.

परवा एकजण सिन्नरहून आला. कात्रीने कापलेलं, तेलकट झालेलं एका चालत्या चिवड्याचं पाऊच त्याने टेबलावर पसरलं. "हाच लाल, हाच पिवळा. नावात फक्त एक वेलांटी बदला." नाही म्हटल्यावर त्याने मोबाइल काढला आणि तोच मेसेज मला वाचून दाखवायला लागला.