बटलर एका रात्रीत जनरल झाला नव्हता

अमेरिकन यादवी युद्धाचा विषय निघाला की उत्तरेच्या फौजेतल्या बेंजामिन बटलरबद्दल एक ठरलेला मजकूर पुढे पाठवला जातो: लोवेल गावचा वकील, आयुष्यात बंदूक धरली नाही, लिंकनने राजकारणापोटी त्याला एका रात्रीत जनरल केलं, रणांगणात त्याने माती खाल्ली, बाकी काहीच केलं नाही, आणि ताब्यात आलेल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा कारभार पाहताना लोकांचे चांदीचे चमचे पळवले. यातलं थोडं खरं आहे, म्हणून तर तो टिकलाय.

बंदुकीचं मात्र साफ खोटं. 1840 साली सनद मिळाली आणि त्याच सुमारास बटलर मॅसॅच्युसेट्सच्या मिलिशियात साधा शिपाई झाला. मिलिशिया म्हणजे राज्याची नागरी फौज. पोटाला ज्याचा त्याचा धंदा आणि ठरल्या दिवशी कवायत. वकिली सांभाळून तो पायरी पायरीने कर्नल झाला. 1855 मध्ये गव्हर्नर हेन्री गार्डनरने आयरिश कॅथलिकांच्या तुकड्या मोडायला काढल्या. बटलरने आपल्या रेजिमेंटमध्ये तो हुकूम अमलात आणायला नकार दिला आणि कर्नलपद गमावलं. (गिरणीतले आयरिश कामगार त्याचे मतदार आणि अशील होते, हेही खरं.) मिलिशियात वरचे अधिकारी निवडून येत. पुढे तो ब्रिगेडिअर जनरल झाला तो असा, सहकाऱ्यांच्या मतांवर. लिंकन तेव्हा इलिनॉयमध्ये वकिलीच करत होता.

लिंकनने मे 1861 मध्ये मेजर जनरल केलं ते राजकारण होतंच. बटलर डेमोक्रॅट, म्हणजे लिंकनच्या विरोधी पक्षाचा. 1860 च्या चार्ल्स्टनच्या पक्ष-अधिवेशनात त्याने जेफरसन डेव्हिसला, म्हणजे पुढे बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष झालेल्या माणसाला, पन्नासाहून जास्त वेळा मत दिलं होतं. असा माणूस युद्धात आपल्या बाजूला दिसणं लिंकनला हवं होतं.

आता ‘काहीच केलं नाही’ हा मुद्दा. 23 मे 1861 च्या रात्री बंडखोर व्हर्जिनियातल्या, पण बटलरच्या ताब्यात असलेल्या फोर्ट मन्रो किल्ल्याच्या दारात तीन गुलाम येऊन उभे राहिले: फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी, जेम्स टाउनसेंड. कर्नल मॅलरी नावाच्या मालकाने त्यांना बंडखोरांचा तोफमोर्चा बांधायला जुंपलं होतं. दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन बंडखोरांकडून मेजर केरी आला आणि पळालेले गुलाम परत देण्याचा कायदा दाखवू लागला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून आलेला अधिकारी इथे बहुधा अडला असता. बटलरमधला वकील जागा झाला. तुम्ही म्हणता व्हर्जिनिया आता परका देश आहे. मग आमचा कायदा परक्या देशाला कसा लागू होईल? कर्नलसाहेबांनी इथे येऊन अमेरिकेशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि माणसं न्यावीत. शिवाय मालक त्यांना मालमत्ता म्हणतो ना? शत्रूच्या लष्करी कामाला लागलेली मालमत्ता युद्धात जप्त करता येते.

प्रतिपक्षाचाच अर्ज वाचून त्याला हरवायचं, ही कोर्टातली जुनी चाल. माणसाला ‘जप्त माल’ म्हणणं कानाला खुपतं, आणि खुपायलाच हवं. पण जुलै संपेपर्यंत त्या किल्ल्यात सुमारे 900 जण आश्रयाला आले होते, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, जप्तीचा पहिला कायदा केला तो याच वाटेने.

चमच्यांची गोष्ट लहान आहे. फक्त कपडे न्यायचा परवाना असलेल्या एका बाईकडची चांदीची भांडी जप्त झाली, त्यातून ‘स्पून्स बटलर’ हे नाव पडलं. त्याने चोरी केल्याचं कधी सिद्ध झालं नाही. त्याच्या भावाने मात्र त्या शहरात व्यापारात बख्खळ पैसा केला. तिथे बोट दाखवणाऱ्यांशी मी भांडणार नाही.

रणांगणातल्या अपयशावरही भांडण नाही. बिग बेथेलला हार, 1864 मध्ये व्हर्जिनियातल्या बर्म्युडा हंड्रेडला सैन्य कोंडून बसलं, आणि डिसेंबरात बंडखोरांच्या फोर्ट फिशर किल्ल्यासमोरून तो जवळजवळ न लढताच परतला. त्यावर सरसेनापती ग्रँटने त्याला घरी पाठवला. पण ‘वकिलाला फौज दिली की असंच होणार’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष तोच किल्ला खोडून काढतो. जानेवारी 1865 मध्ये फोर्ट फिशर घेतला आल्फ्रेड टेरीने. टेरी वेस्ट पॉइंटचा नव्हता. युद्धाआधी तो न्यू हेवनच्या कोर्टात क्लार्क होता, शिक्षणाने वकील, आणि कनेक्टिकटच्या मिलिशियात कर्नल.