भिंत पिते, साहेब!

मराठीत घराला रंग ‘काढतात’. लावायचा असतो, तरी काढतात. हा शब्द ज्याने ठरवला त्याने घरात रंगारी घातलेला असणार, यात मला शंका नाही. दसरा झाल्यावर आमच्या साताऱ्याच्या घराला रंग काढायला घेतला, तेव्हा पहिले चार दिवस मामा खरोखरच रंग काढत होते. काचपेपर, पट्टी, पाणी आणि घरभर पीठ. चहात पीठ, उशीत पीठ, देवघरातल्या बाळकृष्णाच्या पापण्यांवर पीठ.

मामा म्हणजे आमचे रंगारी. साठीचे. डोक्यावरच्या टोपीवर मागच्या वीस घरांचा इतिहास. आल्या आल्या त्यांनी हॉलच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि डॉक्टरी गांभीर्याने म्हणाले, “लांबी लागंल.”

मी टेप आणला, भिंत मोजली आणि सांगितलं, “साडेबारा फूट.”

मामांनी बायकोकडे पाहिलं. तिने नजरेनेच माझ्या वतीने माफी मागितली. पुट्टीला लांबी म्हणतात हे मला असं पन्नाशीत कळलं. मग ‘हात’ कळला, म्हणजे एक थर. लांबीचे दोन हात, प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन हात. एवढे हात मोजून मी मजुरीचा आकडा ऐकला आणि स्वतःचे जोडले.

खरी कसोटी होती प्रायमरची. मला वाटायचं, प्रायमर म्हणजे प्रायमर. दुकानात जाऊन तसंच म्हणालो. दुकानदाराने गॉगल कपाळावर चढवला. “आतला की बाहेरचा? भिंतीचा, लाकडाचा की लोखंडाचा? पाण्यातला की तेलातला?” वधूवरसूचक मंडळातसुद्धा मला इतके प्रश्न विचारले नव्हते. दाराच्या चौकटीला वूड प्रायमर, खिडकीच्या ग्रिलला तो विटकरी रेड ऑक्साइड, आतल्या भिंतीला वॉटरबेस, बाहेरच्या भिंतीला बाहेरचा. चार डबे, आणि अजून रंगाचा एक थेंब नाही.

“प्रायमर नाही दिला तर?” मी घरी येऊन विचारलं.

“भिंत पिते, साहेब,” मामा म्हणाले. “लांबी कोरडी असती. वरनं म्हागाचा रंग दिला की सगळा पिऊन टाकती. मग तीन हात मारा न्हायतर चार. आन वर दिसंल ठिगळ-ठिगळ. आधी सस्तातलं पाजायचं, प्वाट भरलं की भारीतलं वाढायचं.”

लग्नाच्या पंगतीत आधी भात का वाढतात, याचाही मला त्या दिवशी उलगडा झाला.

लहानपणी एशियन पेंट्सच्या जाहिरातीतला तो पोरगा, गट्टू, बघायचो. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला, कपाळावर झुलूप, हातात ब्रश आणि डबा. त्या डब्यात प्रायमर होता की रंग, हे त्याला कधी कुणी विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरची बेफिकिरी बघता रंगच असणार.

तर पैसे घालायचे ते न दिसणाऱ्या गोष्टीत. आठ दिवस भिंत पांढरी होती. लांबी पांढरी, घासलेली लांबी पांढरी, प्रायमर पांढरा. मामा रोज संध्याकाळी “आज ह्यो हात झाला” म्हणून भिंत दाखवायचे आणि मी कालच्यासारख्याच दिसणाऱ्या भिंतीकडे बघून “वा!” म्हणायचो. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत बसल्याचा अनुभव इथे कामी आला.

किती रंग लागेल याचा ढोबळ हिशेब असा, की जमिनीचं चटईक्षेत्र गुणिले साडेतीन. भिंती आणि छत त्यात येतात. आमच्या ९०० चौरस फुटांचे रंगवायला झाले ३१५०. हेच चटईक्षेत्र घर घेताना दर बैठकीला आकसत होतं.

मामांचा हट्ट एकाच प्रकारच्या बादलीचा. मला आधी त्यांची निष्ठा वाटली. नंतर कळलं, बादलीत रंगाऱ्यासाठी कंपनीचं टोकन असतं, ते दिलं की त्याला पैसे मिळतात. झाकण उघडताना मामा दार का लोटून घेतात, तेही कळलं. मी काही बोललो नाही. छताला हात मारताना दिवसभर मान वर करून घोड्यावर उभं राहणाऱ्या माणसाला चार टोकनं जास्त नाहीत.

बाहेरच्या भिंतीबद्दल मात्र मी मामांशी वाद घातला नाही, कारण माझा पूर्वेतिहास वाईट आहे. आमची पश्चिमेची भिंत चार महिने पाऊस छातीवर घेते. मागे एकदा गणपतीला पाहुणे येणार म्हणून मी ऐन श्रावणात, दोन दिवस ऊन पडल्याच्या भरवशावर, प्रायमरला फाटा देऊन तिला रंग दिला होता. भिंतीच्या पोटातलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं आणि वाट नसली की रंगच उचलतं. होळीपर्यंत भिंतीवर ऑस्ट्रेलिया निघाला. पाडव्याला शेजारी न्यूझीलंड उगवलं. मे महिन्यात भाचेमंडळी त्यावर भूगोल शिकली. या खेपेला मामांनी आधी शेवाळ खरवडलं, भेगा भरल्या, भिंत उन्हात वाळू दिली आणि मग प्रायमर. न्हाणीघराच्या नव्या गिलाव्याला तर २८ दिवस हातच लावू दिला नाही. ओल्या सिमेंटचे क्षार रंग खातात म्हणे. एकूण काय, घरातलं सगळंच खातंपितं.

आता रंग. बायकोची अट एकच होती. “हा कळकट पिवळा नको. काहीतरी वेगळं, उजळ.” शेडकार्डात पांढऱ्याचेच दोन पानं प्रकार निघाले. नमुने आणून भिंतीवर सात चौकोन काढले. ओले असताना एक दिसायचे, वाळल्यावर दुसरे, ट्यूबलाइटमध्ये तिसरे. दुपारी चारच्या उन्हात पाच नंबर गुलाबी वाटला म्हणून बाद झाला. आई रोज विचारायची, “भिंतीवरचं हे गजकर्ण कधी जाणार?” अठरा दिवस चर्चा चालली. मुलीला अमेरिकेत फोटो पाठवले. तिकडे पहाट होती, तिला सातही सारखेच दिसले. शेवटी मोगऱ्याच्या जुन्या फुलासारखा एक रंग ठरला. दुकानात मशीनने पांढऱ्या बेसमध्ये थेंब थेंब सोडले, डबा हलवला. कालवलेला रंग परत घेत नाहीत, हे दुकानदाराने दोनदा बजावलं.

घर झकास झालं. मामांनी उरलेला अर्धा डबा हातात दिला. “टचअपला ऱ्हाऊ द्या.”

मी माळ्यावर चढलो. मागच्या खेपेचाही अर्धा डबा तिथे होताच, आत रंगाचा दगड झालेला. झाकणावर माझ्याच अक्षरात ‘हॉल, २०१३’ आणि खाली शेडचा नंबर. मी नव्या डब्याचं झाकण पाहिलं. पुन्हा जुनं पाहिलं. चारही आकडे तेच होते.

“सापडली का जागा?” खालून बायकोने विचारलं.

“हो,” मी म्हणालो आणि जुन्या डब्याचं झाकण भिंतीकडे फिरवून ठेवलं.