मूल सांभाळा, चित्रंही काढा: काही सोपे उपाय

घरात दीड वर्षाचं मूल आहे आणि चित्रं काढायची हौस अजून फिटलेली नाही? अभिनंदन. खालचे सगळे उपाय मी स्वतः करून पाहिलेत. शेवटचा तर परवाच्या रविवारी, त्यामुळे जखम ताजी आहे.

मूल झोपलं की चित्र काढावं. हे तुम्हाला कुणीही सांगेल, विशेषतः ज्यांनी गेल्या वीस वर्षांत मूल झोपवलेलं नाही ते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली सांगून ठेवलंय की एक ते दोन वर्षांच्या मुलाला डुलक्या धरून 11 ते 14 तास झोप हवी. म्हणजे रोजचे निदान 11 तास तुमचे! तेवढ्या वेळात कपडे, बाटल्या आणि तुमचे केस आपोआप धुतले जातातच.

ट्यूबचं झाकण आवाज न करता उघडायला शिका.

माध्यम विचारपूर्वक निवडा. तैलरंग नकोत, टर्पेंटाइनच्या वासात मूल ठेवणार कुठे? ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्याने निघत नाही, मग ते कॅनव्हासवर असो की बाळाच्या स्वेटरवर. राहता राहिले जलरंग. त्यातले कॅडमियमवाले पिवळे-तांबडे मात्र सगळ्यात वरच्या फळीवर, कॅडमियम विषारी असतं. सूर्यास्त रंगवायचा झाला की स्टुलावर चढायचं.

आणि रामबाण उपाय: घरातल्यांची मदत घ्या.

परवा मी घेतली. "तू निवांत बस, मी बघतो याच्याकडे," असं नवरा आपणहून म्हणाला. मी पाटीवर टेप लावून कागद बसवला. 300 जीएसएमचा म्हणजे चांगला जाडजूड, पूर्ण सुती, कित्येक महिने जपून ठेवलेला. आभाळाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात, द्यायला घेतला. आता वॉश हा एका दमात वरून खाली आणावा लागतो. मध्ये थांबलात की तिथे कड वाळते, आणि अर्धवट सुकल्यावर पाणी टेकलं की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुटतो. सगळी मिळून चार मिनिटं. चार! पहिल्या मिनिटाला दाराबाहेरून, "डायपर कुठेत?" दुसऱ्याला, "ओले रुमाल?" तिसऱ्याला, "हा का रडतोय गं?" मूल याच्या कडेवर, आणि कारण मी सांगायचं, बंद दाराआडून! चौथ्याला दार उघडून, "घे बाई, याला तूच हवीयस." त्याला हवा होता ब्रश. तो त्याने घेतला, थॅलो ब्लूने भरलेला. हा रंग कागदात असा मुरतो की पुसून निघत नाही. आभाळभर पाच-पाच बोटं. त्यावर "अरे वा, बाळानेपण चित्र काढलं!" आणि फोटो.

फोटो घरच्या ग्रुपवर. तिथे एका ज्येष्ठांचा सल्ला: "छंद काय, नंतरही होतात. मुलं भरभर मोठी होतात." या गृहस्थांची मुलं लहान होती तेव्हा त्यांचं रविवारचं बॅडमिंटन एकदा चुकलेलं मला माहीत नाही.

बास झाले उपाय. मूल कुठे आड येतंय? ते चमचा आणि डबा दिला की चार मिनिटं खुशाल रमतं. आड येता तुम्ही मोठी माणसं. बापाने अर्धा तास पोर धरलं की ती मदत, आईने दिवसभर धरलं तर त्याला नावसुद्धा नाही. आणि दोन वर्षं होत आली या घरात डायपर येऊन राहिले त्याला, अजून ते कुठे असतात हे मला विचारायचं? खण उघडून बघता येत नाही? दीड वर्षाच्या पोराला तो खण उघडता येतो, म्हणून तर त्याला कडी बसवलीय!

येत्या रविवारी दहा ते साडेदहा दार आतून बंद असेल. डायपर दुसऱ्या खणात आहेत, रुमाल त्याच्या शेजारी. रडला तर उचलून घे.