तीन बोटं जातात का बघा
दात दाखवायला गेलं की त्याच खुर्चीत तोंडाच्या कॅन्सरची पण तपासणी करून घ्या असं एका लेखात वाचलं, ते शंभर टक्के पटलं. आमच्या आईला तीस वर्षं मिश्रीची सवय, दाढ काढायला नेलं तर डॉक्टरीणबाईंनी दाढ राहिली बाजूला, आधी गॉजने जीभ धरून दोन्ही कडा, जिभेखाली, गालाच्या आत टॉर्च मारला, मानेच्या गाठी पण चाचपल्या, पाच मिनिटंही नाही लागली. खालच्या ओठाच्या आत जिथं मिश्री दाबून ठेवायची तिथंच पांढरा चट्टा, पुसला तरी जाईना, आणि दुखत नव्हता म्हणून तिने कधी सांगितलंच नाही! बायोप्सीत कॅन्सर नव्हता, मिश्री सुटली, चहा डबल झालाय ते सोडा. त्याआधी दुसरीकडे दोनदा दात साफ करून घेतलेले, तिथं कुणी गालाच्या आत डोकावलं पण नाही, ह्याचाच राग येतो. गुटखाबंदी २०१२ पासून आहे म्हणे, पुड्या टपरीवर मिळतातच. खर्रा-गुटखावाल्यांनो, तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा, नाही गेली (म्हणजे तोंड पुरतं उघडत नाही) किंवा दोन आठवडे झाले तरी फोड भरत नसेल तर सरळ डेंटिस्टकडे जा.