सर, जेवणाच्या टेबलावरही अभ्यास होतो

आदरणीय सर,

स्पेनमधल्या सालामांका शहरात शिकताना मी लिहिलेल्या 'सालामांकातली दुपार' या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "दुपारी दुकानं बंद करून झोपणाऱ्यांचं कौतुक पुरे. कर्ज काढून परदेशी जायचं आणि चौकात कॉफी पीत बसायचं, यात अभ्यास कुठे आहे? स्पॅनिश पुण्यात बसूनही शिकता येतं. माझ्या नातीच्या डोक्यात असलं काही भरवू नका." नावाखाली 'निवृत्त शिक्षक, सांगली' असं आहे, म्हणून सर म्हणते. दोन दिवस तुमचे शब्द मनात घोळत होते.

खर्चाबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. ते चुकलंच. विद्यार्थी व्हिसासाठी दरमहा किमान 600 युरोंची सोय दाखवावी लागते, फी त्याहून वेगळी. 2022 पासून आठवड्याला 30 तासांपर्यंत काम करायची मुभा आहे, पण भाषा बसेपर्यंत काम मिळणं कठीण. त्या भरवशावर कुणीही कर्ज काढू नये. मी तीन मुलींबरोबर घर वाटून घेतलंय, बाहेर जेवण महिन्यातून एकदा-दोनदाच. चौकातली कॉफी एकच असते आणि ती तासभर पुरवली तरी इथे कुणी उठवत नाही.

झोपेचं मात्र मला पटलं नाही. स्पेनचं घड्याळ 1940 पासून मध्य युरोपाच्या वेळेवर चालतं, आणि हा देश तर पार पश्चिमेला. त्यामुळे जूनमध्ये इथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात दोन वाजून गेलेले असतात, आणि मावळतो रात्री दहाच्या सुमाराला. जेवण तीनला होतं ते म्हणूनच उशिरा वाटत नाही. दोनला बंद झालेलं छोटं दुकान पाचला उघडतं आणि रात्री आठ-साडेआठपर्यंत चालू असतं. आमच्या खालचा चपला दुरुस्त करणारा माणूस दिवसाचे आठ तास पुरे भरतो, फक्त मध्ये घरी जाऊन जेवतो. आपल्याकडेही बाजारपेठेतली कितीतरी दुकानं दुपारी बंद असतात, तुम्हाला ते ठाऊक आहेच.

आता अभ्यास. वर्ग सुटले की मी 'कासा दे लास कोन्चास'मध्ये जाते. दगडी भिंतीवर तीनशेहून अधिक शिंपले कोरलेला हा जुना वाडा आज सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे वाचन होतं, टिपणं होतात. पण भाषा मला सापडली ती दुसरीकडे, आणि दुपारबद्दल लिहिताना मला नेमकं हेच सांगायचं होतं.

पुण्यात मी 'तू' आणि 'उस्तेद' पाठ केले होते. जवळच्या माणसाला तू, आदराने बोलायचं तर उस्तेद. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले. इथे पहिल्याच आठवड्यात साठीच्या प्राध्यापकबाईंनी सांगितलं, मला नावाने हाक मारा आणि तू म्हणा. सर, स्पॅनिशमधला 'तू' आपल्या 'तू'सारखाच ऐकू येतो. माझी जीभ वळेना. सर्वनाम गाळावं तर क्रियापदाच्या शेवटावरून कळतंच. तीन आठवडे मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. शंका असूनही.

माझी एक घरमैत्रीण सामोरा प्रांतातल्या फुएन्तेसाउकोजवळच्या गावातली. तिथले काबुली चणे प्रसिद्ध आहेत. रविवारी संध्याकाळी ती गावाहून परतते ती आईने दिलेले डबे घेऊन. मी मांस खात नाही कळल्यापासून त्यात एक डबा माझा असतो, पालक घातलेले चणे, वर थोडी लाल तिखटाची पूड. जेवण झाल्यावर ताटं तशीच ठेवून सगळे बोलत बसतात. या बसण्याला इथे खास शब्द आहे, सोब्रेमेसा. एका सोब्रेमेसात मैत्रिणीच्या आईचा फोन आला, मैत्रिणीने तो माझ्या हातात दिला, आणि आई म्हणाली, "क्वांदो बेंगास, ते आगो गार्बान्सोस." तू येशील तेव्हा तुला चणे करीन. 'बिएनेस' हे साधं वर्तमानकाळी रूप नव्हे, 'बेंगास'. जे अजून घडायचंय त्यासाठी क्रियापदाचं वेगळं रूप. पुण्यात मी त्याचा तक्ता घोकला होता आणि बोलताना दर वेळी चुकत होते. त्या दिवसानंतर चुकले नाही, कारण आता त्या रूपामागे एक बाई होती जी माझी वाट बघत होती.

मी त्यांच्या गावी गेले. मैत्रिणीच्या आजीशी उस्तेद लावून बोलायला लागले, तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, उस्तेद नको गं, म्हातारी करतेस मला. तिथे माझ्या तोंडून 'तू' निघाला. सोमवारी प्राध्यापकबाईंना पहिला प्रश्न विचारला. पुण्यातल्या माझ्या शिक्षिका फार चांगल्या होत्या, पाया त्यांचाच. पण हे त्या मला कुठून देणार होत्या?

कठीण दिवसही लिहायला हवेत, हे तुमच्यामुळे लक्षात आलं. इथे प्रत्येकाला दोन आडनावं, पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. माझ्या नावात मधे बाबांचं नाव. एका कार्यालयात तेच माझं पहिलं आडनाव म्हणून चढवलं गेलं आणि बँकेतल्या नावाशी जुळेना. दुरुस्तीला दोन महिने गेले. डिसेंबर संपताना साडेआठ वाजून गेले तरी सूर्य उगवत नाही, अशा अंधुक उजेडात रांगेला उभी राहून मी रडले आहे.

नातीला यायचंच असेल तर वर्ग सुरू होणाऱ्या सप्टेंबरची वाट बघू नका. पदवीच्या कागदांवर आधी राज्याची साक्षांकनाची मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र, मग शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर, याला महिने लागतात. आल्यावर 30 दिवसांत ओळखपत्राचा अर्ज करायचा असतो, आणि अर्जात आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव, अगदी पासपोर्टात आहे तसं. तिला मला लिहायला सांगा. माझे महिन्याचे हिशेब मी तिला जसेच्या तसे पाठवीन, ते तुम्हीही बघा.