हरिपूरची नवरी, जतचा नवरदेव आणि कृष्णेचं पाणी

हरिपूरची मुलगी जतला दिली म्हटलं की सांगलीतलं कुणीही पहिल्यांदा पाण्याचंच बोलतं. कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात ते हरिपूर सांगलीला अगदी खेटून. पावसाळ्यात नदी कधी परड्यात येईल याचा नेम नाही. जत त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीवर. तिथं उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडं डोळे लागलेले असतात. मधलं अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही.

माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं हे लग्न स्वतः ठरवलं आणि करवली म्हणून मला बोलावलं. तिला सख्खी बहीण नाही. मी नेदरलँड्समध्ये नायमेखनला राहते, वाल नदीच्या काठी. तिचा फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी तिकीट काढलं. मुंबईला उतरून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, आणि सकाळी सांगली. कवलापूरला विमानतळ होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. डब्यात समोर बसलेल्या आजोबांनीही तोच विषय काढला आणि कऱ्हाडपर्यंत सोडला नाही. मला ते फार बरं वाटलं. नायमेखनच्या रेल्वेत शेजारचा माणूस हसून मान हलवतो आणि खिडकीकडं वळतो. इथं ओळख व्हायच्या आधी मत कळतं.

स्टेशनवरून हरिपूरला जाताना मी मुद्दाम आयर्विन पुलाकडं रिक्षा वळवायला सांगितली. हा पूल १९२९ चा. त्याच्याजवळ पाण्याची पातळी मोजतात आणि सांगलीकर त्या आकड्यावर घर आवरायला घेतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. मे महिन्यात मात्र खाली खडक उघडे पडलेले, कडेला शेवाळलेलं पाणी आणि त्यात म्हशी. रिक्षावाल्यानं आपणहून पुलाच्या दगडी खांबाकडं हात केला. ‘एकोणीसला तिथवर होतं बघा ताई. आमचं घर चार दिवस दिसलंच नाही.’

मैत्रिणीच्या घरी आता हळदीचा धंदा नाही. आजोबांच्या काळात हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेले हे खड्डे. त्यात पोती रिकामी करून तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरलं आणि बहुतेकांची पेवं कायमची गेली. तिची हळद जिथं लागली, त्या अंगणाच्या कोपऱ्यात एका बुजलेल्या पेवाचं तोंड अजून ओळखू येतं. काकू म्हणाल्या, ‘पावसाळ्यात तिथं पाय टेकवू नकोस, भुई आत जाते.’

लग्न मिरज रस्त्यावरच्या कार्यालयात होतं. करा आणि दिवा हातात घेऊन नवरीमागं उभं राहायचं, एवढंच माझं काम. मुहूर्त दुपारचा. अंतरपाट धरला आणि निवेदकानं माईकवर नावं घ्यायला सुरुवात केली. कारखान्याचे संचालक, बाजार समितीचे माजी सभापती, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक. मग एकेकाचे आशीर्वाद. माझ्या दिव्यातलं तेल उतरायला लागलं, तशी मामींनी स्टीलच्या वाटीतून दोनदा तेल घातलं आणि वात नखानं वर सारली. गुरुजी घड्याळ दाखवत होते. माझ्या मते मुहूर्त टळेपर्यंत भाषणं चालू देणं ही नवरा-नवरीची अवहेलना आहे. ती थांबवायला कुणाला दिल्ली-मुंबईची परवानगी लागत नाही, वधूपित्यानं माईक हातात घेतला की झालं.

पण त्याच मांडवात मी आणखी एक गोष्ट पाहिली आणि तिच्यावर माझा जीव आहे. एकमेकांविरुद्ध रान उठवणाऱ्या पक्षांचे लोक एका सोफ्यावर बसून एकमेकांच्या पोरांची चौकशी करत होते. आहेराच्या टेबलाशी पोरांची चेष्टा चालली होती, ‘लिफाफा दिल्लीला जाणारा की घरातला?’ २०२४ च्या लोकसभेला सांगलीनं महायुती आणि महाविकास आघाडी दोघांनाही बाजूला सारून विशाल पाटलांना अपक्ष निवडून दिलं. त्यांचं चिन्ह लिफाफा होतं. तेव्हापासून इथं आहेराचं पाकीट दिसलं की कुणाला तरी बोलायची सुरसुरी येतेच. त्या टेबलावर हरलेल्या बाजूचे कार्यकर्तेही हसत होते. नायमेखनला एका सहकारिणीच्या लग्नाला गेले होते. तिथं विधीला कोण, जेवायला कोण आणि फक्त संध्याकाळच्या नाचाला कोण, हे पत्रिकेतच ठरलेलं असतं. राजकारणाचा शब्द कुणी काढला नाही. सगळं नेटकं आणि प्रेमाचं होतं. पण त्या गावाला काय हवंय, काय नकोय, हे मला तिथं काहीच कळलं नाही.

इथं पंगतीत कळलं. आमरस वाढायच्या आत विषय अलमट्टीवर, म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणावर आला. कर्नाटकाला धरणाची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे. कृष्णा पाणीतंटा लवादानं २०१० मध्येच त्याला मुभा दिली. सांगली-कोल्हापूरचं म्हणणं, फुगवटा मागं येणार आणि आम्ही बुडणार. मे २०२५ मध्ये त्यासाठी अंकलीला चक्काजाम झाला होता. मैत्रिणीचे मामा त्यात होते. ते हात धुता धुता म्हणाले, ‘कर्नाटकानं आमचं वाटोळं करायचं ठरवलंय.’

शेजारी नवरदेवाचे चुलते होते, जतच्या पूर्व भागातले. त्यांनी ताटातली पुरी बाजूला ठेवली. ‘पाव्हणं, आमच्या तळ्यात पाणी पहिल्यांदा कर्नाटकानंच सोडलं.’ २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला, आणि तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी हद्दीपलीकडून जतकडं आलं. मुंबईत धावाधाव झाली ती त्यानंतर. कृष्णेचं पाणी पंपानं उचलून दुष्काळी भागाला देणारी म्हैसाळ योजना, तिचं जतसाठीचं विस्तारित काम तेव्हा पुढं सरकलं. ‘धा वर्सं अर्ज दिले,’ चुलते म्हणाले, ‘आणि दुसऱ्या राज्यात जातो म्हटलं की फाइल हलली.’

एकच कृष्णा. तिच्या पाण्यानं एका व्याह्याचं पेव बुडवलं, दुसऱ्याच्या शिवारात ते पोचता पोचत नाही. आणि दोघांनाही त्या पाण्याबद्दल निर्णय घेणाऱ्याला मत देता येत नाही. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

कारण मला देता येतं, पण तिकडं. नेदरलँड्समध्ये पाण्यासाठी वेगळी निवडून आलेली मंडळं आहेत, एकूण २१. त्यांची मुळं तेराव्या शतकापर्यंत जातात, म्हणजे त्या देशापेक्षाही ही मंडळं जुनी. बांध, कालवे, पंप, सांडपाण्याचं शुद्धीकरण त्यांच्याकडं. त्यांचा कर वेगळा असतो, तो माझ्याही घरी येतो. मी भारताची नागरिक आहे, त्यामुळं तिथल्या संसदेला मला मत नाही. पण राहण्याचा वैध परवाना असलेल्या प्रौढ माणसाला पाणीमंडळाला मत देता येतं. २०२३ च्या मार्चमध्ये मी ते दिलं. उमेदवारांच्या पत्रकात भूजलाची पातळी किती ठेवायची, शेतकऱ्याच्या बाजूनं की दलदलीतल्या पक्ष्यांच्या बाजूनं, असे वाद होते. माझ्या हरिपूरच्या नदीबद्दल मात्र मला असं पत्रक कधी कुणी दिलेलं नाही.

भारतातलं माझं मत कायद्यानं शाबूत आहे. २०१० च्या दुरुस्तीनं परदेशातल्या भारतीयांना नाव नोंदवता येतं, फक्त पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला नोंद होती १,१९,३७४ जणांची. मतदानाला आले २,९५८, आणि त्यातले २,६७० एकट्या केरळातले. टपालानं किंवा दूतावासातून मत देता यावं, असं मला मनापासून वाटतं. तरी ते मिळालं तरी लोकसभेचंच असेल. कोयनेचे दरवाजे कधी उघडायचे, वारणेचा विसर्ग त्याच वेळी करायचा की थांबायचं, पूररेषेत कुणाला बांधू द्यायचं, हे त्या मतानं ठरत नाही.

यातलं बांधकाम परवानगीचंच बघा. २०१९ च्या पुरानंतर त्याची कारणं शोधायला नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला मुख्य दोषी धरलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं तिनं पुढं मांडली. मांडवात हे मी बोलले, तेव्हा मामा नाराज झाले. त्यांचा राग मला समजतो. अलमट्टीला दोष देताना सगळे पक्ष एका रांगेत उभे राहतात, कारण तिथं आपला मतदार दुखावला जात नाही. पूररेषेतली इमारत पाडायची म्हटली की ती कुणाच्या तरी पाव्हण्याची निघते. मी अलमट्टीच्या उंचीच्या विरोधातच आहे, शंका फिटेपर्यंत ती वाढू नये. पण चक्काजामात जी एकी दिसते, ती गावठाणाच्या नकाशावर बसल्यावर का दिसत नाही, हे विचारल्याशिवाय आमचं भागणार नाही.

नायमेखनला हा प्रश्न आला होता. १९९५ मध्ये नद्या फुगल्या आणि अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी बांध उंच करत बसण्याऐवजी नदीला जागा द्यायचं ठरवलं. नायमेखनच्या पलीकडच्या लेंट गावात बांध ३५० मीटर मागं घेतला, नदीला दुसरी वाट खणली. त्यासाठी पन्नासेक घरं उठवली. मी आज जिथं फिरायला जाते तिथं लोकांची स्वयंपाकघरं होती. तिथंही भांडणं झाली, वर्षानुवर्षं झाली. पण लोकांना भांडायला समोर ठरलेली माणसं होती आणि जाणाऱ्या घराच्या मोबदल्याचा हिशेब आधी मांडलेला होता.

तिकडचं सगळंच मला पटतं असं नाही. पाणीमंडळात शेतकऱ्यांना आणि निसर्गसंस्थांना राखीव जागा आहेत, मत न मागता मिळणाऱ्या. हे लोकशाहीला धरून नाही असं मला वाटतं. आणि माझ्या शेजाऱ्याला त्याच्या पाणीमंडळातल्या एकाही सदस्याचं नाव सांगता आलं नाही. हरिपुरात पानाच्या टपरीवर उभं राहा, कोयनेत किती टीएमसी साठा आहे आणि वारणेतून किती क्युसेक सुटलंय हे सोळा वर्षांचं पोर सांगतं. एवढी जाणती जनता त्या डच मंडळांच्या स्वप्नातही नसेल. तिला अधिकार मात्र काही नाही. कृष्णा खोरे महामंडळावर माणसं नेमली जातात, निवडली जात नाहीत. पाणीवापर संस्थांत निवडणूक होते, पण तिथं मत असतं ते कालव्यावर भिजणाऱ्या शेतकऱ्याला. जतच्या घागरवाल्या बाईला नाही, नदीकाठच्या सांगलीवाडीत तळमजल्यावर राहणाऱ्यालाही नाही.

कुणी म्हणेल, आहेत त्या संस्थांच्या निवडणुका तरी वेळेवर होतात का? प्रश्न रास्त आहे. सांगलीच्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि पुढं तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. दोन महापुरांनी मोडलेल्या जिल्ह्यात इतका काळ गावाच्या तक्रारी घेऊन जायला सदस्यच नव्हता, याची मला लाज वाटते आणि चीडही येते. म्हणूनच मला वाटतं, कृष्णेच्या खोऱ्यासाठी निवडून आलेलं मंडळ हवं आणि त्याच्या निवडणुकीची तारीख कायद्यातच लिहिलेली हवी.

वरातीच्या आधी हे सगळं मी नवरदेवाच्या चुलत्यांना सांगितलं. मामाही ऐकत उभे होते. चुलत्यांनी तंबाखू मळायची थांबवली आणि एकच विचारलं, ‘त्या मंडळात जत-आटपाडीची माणसं किती, अन् नदीकाठची किती?’

मी म्हटलं, निम्मी-निम्मी.

‘निम्मी न्हाय,’ ते म्हणाले, ‘तुमच्याकडं मतं जास्त. आधी ते लिहून द्या.’ मामा म्हणाले, ‘आन् पुराच्या दिवसांत तुमचं पंप बंद ठेवायचं नाहीत, एवढं तुम्ही लिहून द्या.’ बँड सुरू झाला तरी दोघं बाजूला उभं राहून म्हैसाळचे पंप ऑगस्टात किती पाणी उचलू शकतील याचा हिशेब घालत होते.