न्यायप्रिय धर्मग्राम चालवण्याची सोपी रीत

धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या, परिषदेवर निवड झाल्याबद्दल अभिनंदन! निवड म्हणजे फादरांनी नाव पुकारलं आणि कोणी खोकलं नाही, पण आता मागे फिरणं नाही. आपला वसईचा धर्मग्राम सर्वसमावेशक आणि न्यायप्रिय करायची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. घाबरू नका, फारसं काही हलवावं लागत नाही.

सुरुवात फ्लेक्सने करा. वर 'सर्वांचे स्वागत', मध्ये येशू आणि खाली सौजन्य म्हणून बिल्डरचं नाव, येशूपेक्षा जरा लहान अक्षरात. ही आपली नम्रता. कोपऱ्यात हिरवी पृथ्वी हवीच, कारण २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचं निसर्गरक्षणावरचं पत्र 'लाउदातो सी' आलं, तेव्हापासून निसर्ग आपल्या अजेंड्यावर आहे. फ्लेक्सला जागा नसेल तर चर्चमागचं बावखल, म्हणजे जुनं तळं, आता बुजलेलंच आहे, सणाला गाड्या लावायचीही सोय झाली. त्याच्या गोड्या पाण्यावर पानवेली आणि केळी पोसायची, असं म्हातारे सांगत बसतील, त्यांना बोलू द्या. तिथेच मांडव घालून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना आदरांजली वाहा. हरित वसईच्या लढ्यात ते टँकरवाल्यांशी आणि बिल्डरांशी भिडले, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ च्या जुलैत गेले. संमेलनाबद्दल भरभरून बोला. लढ्याबद्दल 'त्या काळी गरज होती' एवढं पुरे, कारण पहिल्या रांगेत सौजन्य स्वतः बसलेलं असतं.

जातीचा प्रश्न आपल्याकडे नाहीच. सामवेदी, वाडवळ, कोळी हे समाज आहेत आणि प्रत्येकाच्या आपापल्या चालीरीती आहेत, एवढंच. तरीही १० ऑगस्टला काळा दिवस जरूर पाळा. १९५० साली त्या तारखेच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. अन्याय आहेच, सरकारला खरमरीत निवेदन द्या. २०१६ साली भारतातल्या बिशपांनी दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं आणि चर्चच्या आतही जातिभेद चालतो हे कबूल केलं, तो कागद मात्र निवेदनाला जोडू नका. फाईल उगाच जाड होते.

त्याच संध्याकाळी घरी लग्नाची बोलणी असतील तर 'मुलगी सोन्यासारखी आहे हो, पण आपल्यातली नाही' असं म्हणायला काहीच हरकत नाही. कोणी आगाऊपणे आपल्याच वसईच्या संत गोन्सालो गार्सियांचा दाखला देईल: बाप पोर्तुगीज, आई इथली, १५९७ साली नागासाकीला क्रूसावर प्राण दिले, १८६२ साली संत झाले. त्याला सांगा, संत झाल्यावर सगळं चालतं. सोयरिकीला आले असते तर आजोळ कुठलं, हे आपण विचारलंच असतं.

खरी कसोटी पवित्र गुरुवारी, येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात तेव्हा. पूर्वी नियमाने फक्त पुरुषांचे पाय धुतले जायचे, २०१६ च्या जानेवारीत रोमने तो बदलला आणि बायकांनाही बसवता येऊ लागलं. तुमच्याकडे बारा खुर्च्या आणि बारा काका, बरेचसे गेल्या वर्षीचेच. पाय घरूनच साबणाने घासून, नखं कापून, वर पावडर लावून आणलेले, त्यामुळे फादरांच्या टॉवेलला डाग म्हणून पडत नाही. एखादी नवी सभासद विचारेल, चर्च झाडणाऱ्या वारली मावशींना का नाही बसवत? टाचांच्या भेगांत याच फरशीची धूळ बसली आहे त्यांच्या. अशा वेळी आधी 'कल्पना छान आहे' म्हणा. मग 'पण तिलाच बिचारीला अवघडल्यासारखं होईल'. दुसऱ्याने म्हणावं, 'शिवाय तिचा बाप्तिस्माही झालेला नाही'. तिसऱ्याने विषय फुलांच्या भावाकडे न्यावा. मावशींना त्या दिवशी अर्धी रोजी जास्त द्यायचं ठरवा आणि ती 'आदिवासी कल्याण' या खात्यात टाका. विधी संपल्यावर वेदीपुढे सांडलेलं पाणी त्याच पुसतात, म्हणजे सहभाग झालाच की!

बायकांना स्थान नाही, असं मात्र कोणाला म्हणू देऊ नका. फुलं, वेदीवरची वस्त्रं, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, सभेचं इतिवृत्त, सभेनंतरचा चहा, सगळं त्यांच्याकडेच तर आहे! चेकबुक तेवढं जड असतं म्हणून पुरुषांनी सांभाळायचं.

व्हीलचेअरसाठी उतार बांधला असेल तर फीत कापून फोटो काढा, मग त्यावर कुंड्या मांडा. आणि गाणारा तो मुलगा, ज्याच्याबद्दल अख्ख्या गावाला ठाऊक आहे? आवाज गोड आहे त्याचा, गाऊ द्या. 'न्याय करणारा मी कोण?' हे पोप फ्रान्सिस यांचं २०१३ सालचं वाक्य तोंडपाठ ठेवा आणि त्याच्या लग्नाचं त्याच्या आईला दर रविवारी विचारत राहा.

लोकांचं ऐकून घेण्याचाही एक भाग असतो. २०२१ साली सिनॉड, म्हणजे चर्चची जगभरची सल्लामसलत, सुरू झाला तेव्हा गरीब, तरुण, चर्चपासून दुरावलेले, सगळ्यांचं ऐका असा आदेश होता. तुम्ही काय करायचं, तर मुदतीच्या आदल्या रात्री कार्यालयात चार जणांनी बसायचं, एकाने गरिबांच्या वतीने लिहायचं, दुसऱ्याने तरुणांच्या. दुरावलेल्यांचं कोणी लिहायचं यावर थोडा वाद होतो, तो आलटून-पालटून मिटवा.

आता राहिले परके. आपल्या फ्लॅटमधली धुणीभांडी करणाऱ्या झारखंडच्या मुली रविवारी मराठी मिस्सेला आल्या तर मागे उभ्या राहतात. बाकं रिकामी असतात, पण ती घराण्यांची आहेत. नाव कुठे लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्यासाठी दुपारी अडीचला पत्र्याच्या हॉलमध्ये हिंदी मिस्सा ठेवा. सकाळच्या मिस्सेत मात्र झारखंडच्या आदिवासींसाठी न चुकता प्रार्थना म्हणा.

कधीतरी त्यातलीच एक कार्यालयाच्या खिडकीशी येईल आणि ५ जुलैच्या मिस्सेत फादर स्टॅन स्वामींचं नाव घ्याल का, म्हणून विचारेल. तिच्या मुलखातल्या जमिनी गेलेल्यांसाठी, तुरुंगात खितपत पडलेल्या पोरांसाठी भांडणारे जेझुइट धर्मगुरू. कंपवाताने पेला धरवत नव्हता, तळोजाच्या तुरुंगात स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला, आणि २०२१ साली याच तारखेला, जामिनाची सुनावणी व्हायची त्याच दिवशी, वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये कोठडीतच गेले, ८४ व्या वर्षी. तिला नाही म्हणू नका, न्यायप्रिय धर्मग्राम कधी कोणाला नाही म्हणत नसतो. वहीत लिहा, 'एका दिवंगत धर्मगुरूंसाठी, एका भक्तातर्फे'. वेळ पहाटेच्या मिस्सेची द्या, तेव्हा चार-दोन आज्याच असतात आणि त्यांना ऐकू कमी येतं. पैसे घ्या, पावती फाडा. पावतीवर तिचं आडनाव मात्र नीट विचारून लिहा. वार्षिक अहवालात 'स्थलांतरितांचा सहभाग' या मथळ्याखाली ते लागणार आहे.